संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खाण्याचा पाट कसा मांडावा

हळदीकुंकू म्हणजे सगळ्यांनी एकदम यायची पार्टी नव्हे. संध्याकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत बायका तिघी-चौघींनी येत राहतात. एक घोळका निघेपर्यंत दुसरा दारात चपला काढत असतो. त्यामुळे फोनवर दिसणारे ते भरगच्च ग्रेझिंग बोर्ड, म्हणजे येताजाता उचलून खायला एका मोठ्या पाटावर रचलेलं खाणं, जसेच्या तसे इथे चालत नाहीत. ते एका क्षणासाठी मांडलेले असतात. पहिल्या दहाजणींनी हात घातला की द्राक्षांचे नुसते देठ आणि चटणीचे शिंतोडे उरतात. माझ्या मते हळदीकुंकवाच्या पाटाची खरी परीक्षा शेवटच्या बाईला तो कसा दिसतो यात आहे. साडेआठला येते ती बहुतेक नोकरीवरून थेट आलेली असते, आणि तिलाच सगळ्यांत जास्त भूक असते. तिच्यासमोर उरलंसुरलं असता कामा नये. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, सासर पुण्याचं. माहेरी जानेवारीत शेतावर हुरडा असायचा, सासरी संक्रांतीला सुगडं आणि तिळगूळ. मी दोन्ही एका पाटावर आणते. वेगळं काही शोधावंच लागत नाही, कारण या महिन्यात मंडईत जे येतं त्यातच सगळे रंग असतात. हिरवे हरभरे, लाल गाजरं, तपकिरी-पिवळी बोरं, काळी आणि हिरवी द्राक्षं, स्ट्रॉबेरी, ओली हळद, पांढरा हलवा. खायचा रंग एक थेंबही घालावा लागत नाही. जे रंग बाजारातून आपोआप मिळतायत ते सोडून निळे-जांभळे कपकेक आणून पाट रंगीत करायचा, हे मला पटत नाही.

आधी जागा आणि भांडी

जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून मधे घ्या, दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे. मी टेबलावर तीन सागवानी पाट ओळीने मांडते आणि त्यावर केळीची पानं घालते. पान धुऊन, पुसून, गॅसच्या मंद आचेवरून झरकन फिरवलं की मऊ पडतं आणि पाटाच्या कडेला वळवताना चिरत नाही. पॉलिश केलेल्या पाटावर तर पान हवंच, कारण पॉलिशवर थेट खायचं ठेवू नये. पाट नसतील तर मोठी परात किंवा पितळी ताटं चालतील. फक्त पितळेला आणि तांब्याला कल्हई असल्याशिवाय त्यात आंबट काही ठेवायचं नाही. दही, लिंबू, लोणचं हे काचेत किंवा चिनी मातीत. ओल्या हरभऱ्याचे ढाळे, म्हणजे घाट्यांसकट उपटलेल्या फांद्या, त्यासुद्धा उघड्या पितळेवर नकोत. हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. गावाकडे पहाटे शेतात पिकावर कापड पसरून ती आंब पिळून घेत, ती हीच. ताज्या ढाळ्यांना हात लावून बोट चाटून पाहा, आंबट लागेल. पानावर ठेवले की प्रश्न मिटतो.

वाट्यांऐवजी मला सुगडं आवडतात. पूजेची सुगडं वेगळी, पाटावरची वेगळी आणायची. कुंभाराकडून साधी, न रंगवलेली घ्या. वरून चकचकीत रंग आणि टिकल्या लावलेली असतात ती खाण्याला वापरू नका. आणलेली सुगडं धुऊन दिवसभर उन्हात वाळवा. बिनझिलईची माती ओल शोषते, म्हणून यात कोरडंच ठेवायचं: शेंगा, हलवा, रेवड्या. गाजराच्या आणि उसाच्या कांड्या उभ्या ठेवायच्या असतील तर सुगडात आतून केळीच्या पानाचा तुकडा गुंडाळून घाला. या उभ्या कांड्यांमुळे पाटाला उंची येते, त्यासाठी वेगळा मजल्याचा स्टँड आणायची गरज नाही.

पाटावर समई, निरांजन, मेणबत्ती अजिबात नको. काळ्या रेशमी साड्या नेसलेल्या बायका वाकून बोर उचलणार, त्यात पदर. दिवे देवापाशी आणि हळदीकुंकवाच्या तबकापाशी, पाटापासून लांब.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: टोपल्या. या पाटावर बोरांच्या बिया होतात, शेंगांची टरफलं होतात, हरभऱ्याच्या घाट्यांची सालं होतात, उसाचा चोथा होतो. ते टाकायला जागा नसेल तर बाई उसाला हातच लावत नाही, किंवा चोथा मुठीत धरून उभी राहते. टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि बसायच्या जागेजवळ एकेक छोटी बांबूची टोपली ठेवा, आत पान घाला, आणि मांडतानाच प्रत्येकीत दोन-चार टरफलं टाकून ठेवा. मग कुणाला विचारावं लागत नाही. बाजूला ओले रुमाल किंवा हात धुवायला कोमट पाणी.

आणि प्रत्येकीला एक पळसाचा द्रोण. एका हातात वाण आणि पर्स असते, दुसऱ्या हातात द्रोण धरून त्याच हाताच्या बोटांनी खाता आलं पाहिजे. पाटावर काय ठेवायचं आणि काय नाही, ते याच कसोटीवर ठरवा. चमच्याने खायची उसळ, ठिबकणारी भेळ, सोलायला दोन्ही हात लागणारी अख्खी संत्री मी ठेवत नाही. संत्री द्यायचीच तर फोडी सुट्या करून.

२५ जणींचा हिशोब

रात्रीचं जेवण नाही, पण चहापेक्षा जास्त, अशा बेताने मी माणशी साधारण ३०० ग्रॅम धरते. त्यातलं साल, बी, चोथा वगळून हे पोटभर होतं.

हुरडा पाऊण किलो
सोललेला ओला हरभरा (सोलाणे) अर्धा किलो, शिवाय ढाळ्यांच्या तीन-चार जुड्या
बोरं पाऊण किलो
सोललेला ऊस एक किलो
लाल गाजरं अर्धा किलो
द्राक्षं अर्धा किलो, हिरवी आणि काळी मिळून
स्ट्रॉबेरीचे दोन डबे
पेरू तीन मोठे
भुईमुगाच्या शेंगा अर्धा किलो
तिळगुळाचे छोटे लाडू ५०
गुळाच्या पोळ्या ८, प्रत्येकीचे चार तुकडे
भाजणीची छोटी थालीपीठं ४०
कोथिंबीर वड्या ५०
हलवा पाव किलो
तीन चटण्या, प्रत्येकी एक मोठी वाटी
चक्का दोन वाट्या
लोणी आणि ओल्या हळदीचं लोणचं, एकेक छोटी वाटी

यादी लांब दिसते, पण यातलं निम्मं नुसतं धुऊन-पुसून मांडायचं आहे. हाताने करायचं ते लाडू, पोळ्या, चटण्या, थालीपीठं आणि वड्या एवढंच. वेळ नसेल तर पोळ्या आणि हलवा विकत आणा, पण लाडू घरचे करा. ज्या गोष्टीसाठी बायका आल्या आहेत ती घरची असावी असं मला मनापासून वाटतं.

तिळगूळ

पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, वेलची, चमचाभर तूप. पॉलिशचे पांढरे तीळ दिसायला सुंदर, पण चवीला गावरान तीळ. मंद आचेवर तीळ तडतडायला लागले आणि बोटांत चुरडून खमंग वास आला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवले तर पुढे भाजत राहतात आणि कडवट होतात.

गूळ चिरून तुपावर घाला. वितळेल, मग फेस येईल. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघत राहा. थेंब पसरला तर कच्चा. थेंबाची गोळी झाली पण बोटाने सहज दबते, तर लाडू मऊ होतील आणि सुगडात एकमेकांना चिकटतील. गोळी ताटलीवर टाकली की टण्णकन वाजते, तर तो चिक्कीचा पाक, आजीबाईंच्या दातांना नको. यांच्या मधली पायरी आपल्याला हवी: गोळी घट्ट होते, दाबली तर जेमतेम दबते. तिथे गॅस बंद, सगळं घालून ढवळा आणि हाताला पाणी नाही, तूप लावून गरम असतानाच वळा. एकटीने वळू नका. मिश्रण गार झालं की भुगा होतो, म्हणून दोन-तीन हात हवेत. आकार मोठ्या सुपारीएवढा ठेवा. पाटावर लहान लाडू सुरेख दिसतात आणि मधुमेह असलेल्या काकूही एक घेऊन तोंड गोड करतात.

वर दिलेल्या मापात साधारण ५० लाडू होतात. ते तीन दिवस आधी करून घट्ट डब्यात भरले तरी उत्तम राहतात. गुळाच्या पोळ्या दोन दिवस आधी लाटल्या तर कामाच्या दिवशी स्वयंपाकघर मोकळं राहतं. पोळीचे तुकडे मात्र आयत्या वेळी करायचे. खुसखुशीत पोळी सुरीने कापली की चुरा होतो, कात्रीने कापा.

हुरडा

हुरड्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. ज्वारीचं कणीस दुधाळ अवस्था सोडून दाणा भरायला लागतो, पण अजून हिरवा आणि मऊ असतो, तो हुरडा. आमच्याकडची मालदांडी ज्वारी भाकरीला नावाजलेली. हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती, कुचकुची अशा जाती मुद्दाम लावतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेला फुले मधुर हा वाणही आता शेतांत दिसतो. या जातींचा दाणा गोड असतो आणि कणसातून झटकन सुटतो. शेतात जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसं निखाऱ्यात खुपसतात, आणि भाजलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढून देतात. ती चव फ्लॅटमध्ये पूर्ण येणार नाही, पण बरीचशी आणता येते.

पुण्यात डिसेंबरपासून सोललेला हुरडा मिळायला लागतो. दाणा हिरवागार आणि फुगीर बघून घ्या, सुरकुतलेला किंवा पिवळसर झालेला घेऊ नका. घरी आणल्यावर लगेच फ्रीजमध्ये. करताना लोखंडी कढई चांगली तापवा, हुरडा घाला, पाण्याचा एक हबका मारा, दोन मिनिटं झाकण, मग झाकण काढून परता. दाण्याला कुठे कुठे डाग पडले की झाला. मीठ घालायचं तर अगदी शेवटी.

हुरडा गार झाला की चिवट होतो आणि गोडवा हरवतो. म्हणून तो पाटावर एकदम कधीच ओतायचा नाही. दोन-दोन मुठी, छोट्या टोपलीत कापडावर, दर अर्ध्या तासाने ताजा. नवीन घोळका आला की कढई तापवायची. मागच्या टोपलीत थोडा उरला असेल तर तो नव्यात मिसळू नका, आत न्या.

हुरड्याच्या भोवती त्याचं गणगोत मांडायचं: शेंगदाण्याची लाल चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, गुळाचे खडे, रेवड्या, दही. सोलापूरकडची शेंगा चटणी उखळात कुटलेली असते, तिला दाण्याचं तेल सुटून ती ओलसर, गोळा होणारी होते. मिक्सरमध्ये करायची तर थांबून थांबून फिरवा आणि शेवटी बत्त्याने थोडी कुटा. पण हळदीकुंकवासाठी मी ती किंचित कोरडी ठेवते आणि ठेचा तेलात परतून ठेवत नाही. तेलाचा एक थेंब पैठणीवर पडला तर त्या बाईची संध्याकाळ गेली. याच कारणाने ओल्या हळदीचं लोणचं पाटाच्या मधोमध, खोलगट वाटीत, चमच्यासकट. कडेला नको. जानेवारीत ओली हळद आणि आंबेहळद ताजी मिळते. किसून, लिंबू, मीठ, आलं, थोडी मोहरीची डाळ घातली की दोन दिवसांत मुरतं. सगळ्या पाटावर तिच्याइतका झळझळीत पिवळा दुसरा नाही.

जैन मैत्रिणी येणार असतील तर जवस आणि कारळ्याच्या चटण्या बिनलसणाच्या करा आणि लसणाची शेंगा चटणी दुसऱ्या टोकाला, तिच्या चमच्यासह ठेवा. गाजर, बीट, हळदीपासूनही एक टोक मोकळं ठेवता येतं. तीळ आणि शेंगदाणे या पाटावर जवळजवळ सगळीकडे आहेत, तेव्हा कुणाला त्यांची ॲलर्जी आहे का ते बोलावतानाच विचारा आणि असल्यास त्या बाईसाठी फळांचं ताट आतूनच वेगळं काढून ठेवा.

ओलं आणि कोरडं

चार तास पाट टिकवायचा तर ओलं आणि कोरडं एकमेकांना भिडू द्यायचं नाही. हलव्याला ओल लागली की काटे विरघळतात. थालीपीठाशेजारी कापलेला पेरू ठेवला की थालीपीठ मऊ पडतं. ऊस गुळाच्या पोळीला भिजवतो. म्हणून मी तिन्ही पाटांची कामं वाटून देते. पहिला पाट तिखट आणि खमंग पदार्थांचा, मधला हिरव्या गोष्टींचा आणि फळांचा, तिसरा गोडाचा. मधल्या पाटाच्या दोन्ही कडांना हरभऱ्याच्या ढाळ्यांचं कुंपण घालते. ते दिसतं सजावट म्हणून, पण करतं राखणीचं काम. ढाळ्यांमध्ये गव्हाच्या ओंब्या मिळाल्या तर खोचा.

फळं आणि भाज्या सकाळीच धुऊन पंचावर पूर्ण सुकवायच्या, स्ट्रॉबेरी सोडून. स्ट्रॉबेरी मांडायच्या आधी अर्धा तास धुवायची, देठ ठेवूनच. आधी धुतली की पाणी पिते आणि बुडाशी नरम होते. महाबळेश्वर-पाचगणीची ताजी असेल तर डब्याच्या तळाची फळंही बघून घ्या, दाबलेली असतील तर ती चक्क्यात मिसळा. द्राक्षांचा घड अख्खा ठेवू नका, कात्रीने चार-पाच द्राक्षांचे झुबके करा. एक झुबका एकीने उचलला की बाकीचा घड विस्कटत नाही. पेरू देशी, आतून गुलाबी मिळाला तर फारच छान. फोडींना मीठ-तिखट आधी लावू नका, पाणी सुटतं. तिखट-मीठ वेगळ्या वाटीत. सफरचंद मी ठेवत नाही, चिरलं की काळं पडतं, आणि जानेवारीच्या मंडईत त्याची उणीव भासत नाही. पुरंदरकडचे अंजीर मिळाले तर सहा-सात आणा, अर्धे उभे चिरा, अर्धे अख्खे ठेवा.

गाजरं लालच घ्या. त्यांचा लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतं तेच, तो काही उतरत नाही की दुसऱ्याला लागत नाही. बिटाचं तसं नाही. बिटाची चकती ज्याला टेकेल त्याला गुलाबी करते. म्हणून बीट मी पाटावर थेट आणत नाही, त्याचा रस काढून एक वाटी चक्क्यात फेटते. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि तो राणी रंगाचा चक्का गाजराच्या कांड्यांशेजारी. दुसऱ्या वाटीत पुदिना-कोथिंबिरीचा हिरवा. दह्याचं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, पुण्यातली जानेवारीची संध्याकाळ गार असली तरीही. चार छोट्या वाट्या भरून दोन फ्रीजमध्ये ठेवा आणि सात वाजता बदला.

ऊस आयत्या वेळी सोला, फार तर तासभर आधी. करव्यांवर, म्हणजे उसाच्या सोललेल्या तुकड्यांवर, लिंबाचा रस शिंपडून झाकून ठेवले तर लवकर तांबूस पडत नाहीत. करवे बोटभर लांब आणि उभे चिरून चार भाग केलेले असावेत. जाड करवा चावताना रस हनुवटीवरून ओघळतो आणि नऊवारीत तो नको. बोरं दोन प्रकारची आणा, मोठी मऊ-गोड आणि बारीक गावरान आंबट. बारीक बोरांना एकेकीचा हात परत परत जातो, ती जास्त आणा.

बोरन्हाणाच्या वयाची बाळं घरात असतील तर पाट त्यांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवा. अख्खी द्राक्षं, बोरं, शेंगदाणे, कडक हलवा लहान मुलांच्या घशात अडकतात. त्यांना द्राक्षं उभी चिरून, मऊ पोळीचा तुकडा, एवढंच द्रोणात घालून आपण हाताने द्यावं.

मांडणी

चार वाजता सुरुवात करा. आधी जड आणि ओल्या वाट्या: लोणचं, लोणी, आणि चक्क्याच्या वाट्यांची जागा मोकळी, चक्का पाचलाच फ्रीजमधून आणायचा. मग सुगडं. ही जागेवर बसली की पाटाचा सांगाडा झाला. त्यानंतर मोठ्या वस्तू, म्हणजे थालीपीठांची एकावर एक सरकवलेली रांग, पोळीचे तुकडे, पेरूच्या फोडी. थालीपीठं जाळीवर पूर्ण गार केलेली असावीत, गरम रचली की वाफेने लादी होते. मग फळांचे छोटे ढीग. सगळ्यांत शेवटी बारीकसारीक: सोलाणे, रेवड्या, गुळाचे खडे. हलवा पहिली पाहुणी यायच्या दहा मिनिटं आधी.

एक रंग एकाच जागी साठवू नका. लाल गाजर पहिल्या पाटाच्या टोकाला, स्ट्रॉबेरी मधे, आणि तिसऱ्या पाटावर कुंकवाचा छोटा करंडा, असं फिरवलं की नजर पाटभर फिरते. पांढऱ्याला तर जास्तच जपा. हलवा, लोणी आणि खोबऱ्याचे काप हे तीन पांढरे तिन्ही पाटांवर वाटून टाका, त्यांच्यामुळे बाकीचे रंग उठून दिसतात. आणि प्रत्येक गोष्टीतली एक-दोन उघडी करून ठेवा. दोन घाटे सोलून, एक शेंग फोडून. शहरात वाढलेल्या मुलींना ओला हरभरा असा खायचा असतो हे कळतं आणि त्या हात पुढे करतात.

थोडी थोडी पानं उघडी दिसू देत. खच्चून भरलेल्या पाटावर पहिला पदार्थ उचलायला बाई कचरते.

भरत राहणं

आता मुळाशी येते. आणलेल्यातलं निम्मंच पाटावर जातं. उरलेलं निम्मं आत, ओट्यावर, त्याच क्रमाने डब्यांत. कोथिंबीर वड्या आदल्या दिवशी उकडून ठेवायच्या आणि तीन वेळा, थोड्या थोड्या परतायच्या. दर अर्ध्या तासाने एक फेरी: टोपल्या रिकाम्या करा, पानावर सांडलेलं ओल्या फडक्याने टिपा, निम्म्याच्या खाली गेलेली वाटी उचलून आत न्या आणि भरलेली वाटी आणा. पाटावरच्या वाटीत वरून ओतू नका, त्याने जुनं तळाशी जातं आणि कडा बरबटतात. विस्कटलेल्या जागेत मोठा पदार्थ न भरता पान बदला किंवा ढाळ्याची एक फांदी ठेवा, नीट दिसायला तेवढं पुरतं.

हे काम घरातल्या घरधनिणीने करू नये. तिने दाराशी असावं, कुंकू लावावं, बोलावं. आमच्याकडे कढई आणि टोपल्या नवरा सांभाळतो, वाट्या आणि वड्या मुलगा. दोघांना यादी आणि वेळा लिहून फ्रीजवर लावलेल्या असतात. पुरुषांनी त्या दिवशी घराबाहेर जाण्याची जी पद्धत आहे ती मला कधीच उमगली नाही.

बोलावणं मी सगळ्यांना करते. नवरा नसलेल्या, लग्न न केलेल्या, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, त्यांच्या सुना. कुणाला कुंकू नको असेल तर हळद, तीही नको असेल तर नुसता तिळगूळ हातावर. सगळ्यांना वाण तेच आणि पाटही तोच. एकाच टोपलीतल्या हुरड्यात सगळ्यांचे हात जातात, म्हणून तर मला वाढलेल्या बशांपेक्षा हा पाट आवडतो. बशीत कुणाला किती द्यायचं ते आपण ठरवतो. इथे ज्येष्ठ काकू आणि कॉलेजातली मुलगी एका ढाळ्यातले घाटे सोलत उभ्या राहतात आणि बोलायला लागतात.

पिण्याला मठ्ठा किंवा कोकम सरबत, छोट्या पेल्यांत, वेगळ्या टेबलावर. पाटावर पेले नकोत, सांडतात.

साडेआठच्या फेरीसाठी काही गोष्टी हात न लावता ठेवायच्या: हुरड्याच्या शेवटच्या चार मुठी, दहा वड्या, आठ लाडू, पोळीचे सहा तुकडे आणि एक स्ट्रॉबेरीचा अर्धा डबा. डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलेच संपवतात. शेवटची मैत्रीण आली की पानं बदला, तिन्ही पाटांवरचं एका पाटावर आणा आणि तो एक पाट पाचला होता तसा नीट मांडा. अर्धवट भरलेल्या तीन पाटांपेक्षा भरलेला एक पाट छान दिसतो, आणि तोवर दमलेली तुम्हीही तिच्याबरोबर खायला बसू शकता.

उरलेले सोलाणे, गाजर, बोरं, शेंगदाणे दुसऱ्या दिवशी वालाच्या शेंगा आणि वांगं घालून, तिळाचं कूट लावून, भोगीच्या भाजीसारखे करा. करवे उरले तर ठेवू नका, त्याच रात्री खाऊन टाका. चोथा, सालं, द्रोण आणि केळीची पानं कात्रीने बारीक करून खताच्या कुंडीत घाला, वर थोडी कोरडी माती टाका. सुगडं धुऊन उन्हात वाळवा, ती मार्चमध्ये पक्ष्यांना पाणी ठेवायला लागतात.